आबांच्या इंजिनाला भज्यांचं तेल

वडील गेल्यावर लोक काशीला जातात, अन्नदान करतात. मी भज्यांच्या जळक्या तेलापासून डिझेल करायला घेतलं.

यात विनोद करायचा माझा मुळीच हेतू नव्हता. (माझे हेतू नेहमी गंभीरच असतात. विनोद परिणामात होतो!) मी जिंतूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. पुस्तकांवरच्या धुळीखेरीज माझ्या हातांना कशाची सवय नाही. आबांचं उलट. त्यांचा सगळा जीव मळ्यातल्या विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनात. विजेची मोटार येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आबा रोज सकाळी हँडल मारून ते इंजिन चालू करायचेच. विहीर घरापासून हाकेवर. इंजिनाची टकटक घरात ऐकू यायची आणि ती थांबली, की माय तव्यावर भाकर टाकायची. आबा हातपाय धुऊन येईपर्यंत भाकर फुगलेली असायची. आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

आबा गेले आणि मायनं बोलणं सोडलं. रडणंसुद्धा नाही. विहिरीच्या दिशेनं कान देऊन नुसती चुलीपाशी बसून राहायची. भाकरी माझी बायको सुमन करायची. माय त्यातली अर्धी ताटात ठेवून उठायची.

अशात माझ्या चुलत्यांनी, नानांनी, जाहीर केलं, "ते इंजिन आता भंगारात काढू. सोमवारी भंगारवाला येणार हाय."

"नाना, राहू द्या ना ते."

"ठिवून काय पूजा करायची? डिझेलचा भाव ऐकलास का? कोण पाजणार त्याला?"

आणि ज्यानं आयुष्यात स्कूटरचा प्लगही पुसलेला नाही, असा मी म्हणालो, "मी घरी करीन डिझेल!"

नानांनी माझ्याकडं पाहिलं, मग सुमनकडं पाहिलं. "सूनबाई, ह्याला झोप लागती का गं?"

ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात सगळं सोपं होतं. तळणाचं उरलेलं तेल घ्या, त्यात मेथनॉल आणि कॉस्टिक सोडा घाला, ढवळा, निवू द्या. खाली ग्लिसरीन बसेल, वर इंधन तरंगेल. (पुस्तकातले पदार्थ किती आज्ञाधारक असतात!) तेलासाठी मी देवगाव फाट्यावरच्या मुंजाजीच्या हॉटेलात गेलो. त्यानं डबे दिले, पण चेहरा पाडला.

"मालक, तुमच्यात दुखवट्याचं वरीस हाय. घरात कढई चढत नसती ना?"

खरं होतं ते. आमच्याकडं माणूस गेलं की वर्षश्राद्धापर्यंत घरात काही तळत नाहीत. कढई पालथी घालून ठेवतात.

"खायला नाही रे. आबांच्या इंजिनाला."

मुंजाजीनं बराच विचार केला. "त्याला मिरची सोसंल का?"

पहिला घाणा मी अंगणात, चुलीपासून लांब, पिंपात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमननं झाकण काढलं.

"अहो, ह्यात काठी उभी राहायलीय!"

"जरा घट्ट झालं असेल."

"जरा? हा साबण झालाय!"

तेलात पाणी राहिलं होतं. पुस्तकात तसा इशारा होता, पण पुढच्या पानावर. बापाची आठवण वाचवायला निघालेल्या माणसाच्या पदरात कपड्याचा साबण पडला! मी पायरीवर डोकं धरून बसलो. सुमननं मात्र सुरी आणून शांतपणे त्याच्या वड्या पाडल्या.

दुसऱ्या घाण्याला मी तेल नीट आटवलं, पिंपाला नळी जोडली, मेथनॉल ओतलं. तो उग्र वास कुंपणापलीकडं गेला आणि नाना धावत आले.

"हातभट्टी लावलीस व्हय रं? बाप जाऊन वरीस न्हाई झालं!"

"नाना, ही दारू नाही. हे विष आहे. प्यायलं तर डोळे जातील."

"म्हंजी इषारी दारू काढायलास!"

त्या संध्याकाळपर्यंत गावातल्या काही मंडळींनी माझ्याशी एकदम सलगीनं बोलायला सुरुवात केली.

रविवारी इंधन तयार झालं. मधासारखं पिवळं, स्वच्छ! मी ते इंजिनात ओतलं आणि हँडल फिरवलं. खांदा निखळायच्या बेताला आला, तेव्हा आबांचं इंजिन खोकलं आणि सुरू झालं. टक्, टक्, टक्! माझे डोळे भरून आले.

मग धूर निघाला. त्याला वास होता. डिझेलचा नव्हे, तर ओवा घातलेल्या, नुकत्याच काढलेल्या, गरमागरम कांदाभज्यांचा! वारा गावाकडं होता.

सगळ्यांत आधी शेजारच्या गयामावशी आल्या. "लय झालं बाई! बापाचं वरीस व्हायचंय, अन् पोरगं मळ्यात लपून भजे तळायलंय!"

"मावशी, कढई कुठंय दाखवा! ही रासायनिक प्रक्रिया आहे."

"नाव काहीबी ठिव. वास भज्याचा हाय."

बघता बघता विहिरीवर गर्दी जमली. निम्मे लोक मला बोल लावायला आले होते, निम्मे प्लेट मिळंल म्हणून. "चटणी केली का न्हाई?" मागून कुणीतरी विचारलं. नानांनी उपरण्यात तोंड लपवलं. मी गर्दीला ग्लिसरीन समजावून सांगत होतो, इतक्यात इंजिनानं एक लांब आचका दिला आणि ते बंद पडलं. फिल्टर उघडला. आत साबण!

"संपलं," नाना म्हणाले. "उद्या भंगार."

मी मान खाली घालून घराकडं निघालो. मागून सगळी वरात. दारात पोचलो आणि पाय थांबले. माय चुलीपाशी होती. तव्यावर भाकर टम्म फुगलेली.

"इंजिन बंद झालं," ती म्हणाली. "म्हनून टाकली."

गयामावशींनी पदर तोंडाला लावला.

मायनं ताट माझ्यापुढं सरकवलं आणि नाक आक्रसलं. "तुझ्या अंगाला भज्याचा वास कामून यायलाय?"

"इंजिनात तेच तेल होतं, माय."

ती बघत राहिली. "डाक्टरनं सांगितल्यापास्नं त्यास्नी मी एक भजं शिवू दिलं न्हाई. लय मागायचे. अन् तू त्यांच्या इंजिनाला पिंपभर पाजलंस?"

आणि ती हसली. पदरात तोंड घालून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग माझ्या ताटातली भाकर तिनं ओढून घेतली आणि सगळी खाल्ली.

सोमवारी भंगारवाला आला. नाना पुढं व्हायच्या आत माय दारात उभी राहिली.

"इंजिन न्हाई द्यायचं. ते पिंप ने, नळ्या ने. अन् ह्या शिकलेल्यालाबी ने, लय वर्षं झाली पडून हाय."

भंगारवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. अनुभवी माणूस होता.

"नगं, माय," तो म्हणाला. "ह्याच्यात लोखंड निघायचं न्हाई."