कॅन बदलताना दाबायचं बटण

लाईट गेली, परत आली, तरी डेअरीतला कॉम्प्युटर उठत नाही; तेव्हा तुम्ही कुणाला शिव्या घालता? बोरी बुद्रुकला २००६ साली लोक मोहिनीला घालायचे, जणू लाईट तीच घालवते. तळेघरची लेक, बोरीची सून, डेअरीत दूध मापायची. रोज संध्याकाळी भारनियमन. लाईट आल्यावरही मशीन वीस मिनिटं नुसतं गुरगुरायचं. तोवर टेम्पो निघून जायचा, आणि उरलेलं दूध ज्याचं त्याच्या घरी.

एका सकाळी चेअरमन सावळेरामांनी ठणकावलं, "सूनबाई, उद्यापासून मशीन बंद. आमचा मेव्हणा हातानं फॅट काढायचा तेच बरं व्हतं."

मेव्हण्याच्या हातून कुणाच्या दुधाचं फॅट, आणि फॅटवर ठरणारा भाव, वाढायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. मोहिनीचं डोकंच सणकलं.

त्याच दुपारी डेअरी रिकामी होती. खऱ्या हिशेबाची प्रत काढून तिनं खोट्या नोंदी भरल्या, प्लग उपटला, परत लावला आणि घड्याळ धरलं. थोड्या नोंदी असल्या की मशीन पटकन उठे, ढीगभर असल्या की रखडे. गोम कळली. मशीन आधी सगळं कच्चं लिहून ठेवायचं. पक्कं करायचं बटण मोहिनी रांग संपल्यावर एकदाच दाबायची. मध्ये लाईट गेली की ते कच्चं पहिल्यापासून वाचत बसायचं. बटण मध्ये दाबलं तर रांग अडते, असं कंपनीच्या माणसानं शिकवलेलं.

पण भरलेला कॅन काढून दुसरा लावेपर्यंत रांग अडतेच की! तिनं तेव्हाच बटण दाबायचं ठरवलं आणि खोट्या नोंदी पुसून खरा हिशेब परत भरला.

संध्याकाळी दर कॅन बदलताना बटण दाबत, रांग भरात असताना मोहिनीनं चेअरमनसमोर प्लग उपटला.

"अगं बये, माझं दूध नासवतीस का?" रांगेतली ठकूबाई कडाडली.

"तुमी तंबाखू मळा, आत्या. तेवढ्यात उठतंय."

तिनं प्लग लावला. ठकूबाईचा तंबाखू हातातच होता, तोवर मशीन उठलं. एकही नोंद गेली नव्हती.

"बघू पुढं," सावळेराम पुटपुटले.

"पुढं काय बघायचं? आत्ताच सांगा. सगळे ऐकत्यात."

टेम्पो दारात उभा.

"ऱ्हाऊ द्या मशीन," चेअरमन म्हणाले, "मेव्हण्याला मी सांगतो."

भाऊ, तुमच्या डेअरीतली सूनबाई उद्या भर दुपारी मशीन मुद्दाम बंद पाडताना दिसली, तर तिच्यावर खेकसू नका. घड्याळ घेऊन तिच्या शेजारी उभे राहा.