शिट्टी वाजेपर्यंत

सुक्या बोंबलाचा वास आला की मला एक मुलगी आठवते. लगेच गालात हसू नका, प्रेमबिम काही नव्हतं. ती आमच्या वर्गातली, डोंगराकडच्या पाड्यावरून येऊन धावण्यात जिल्ह्यात पहिली आलेली. बारावीतून जाणाऱ्या खेळाडूचा फोटो शाळेच्या भिंतीवर लागायचा, म्हणून खेळाच्या सरांनी आम्हा दोघांना मुरब्याच्या किनाऱ्यावर नेलं, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि स्वतः चहाला गेले. मागे बांबूंवर बोंबील वाळत होते, ऊन उतरत होतं, आणि ही आधार कार्डावरच्यासारखी ताठ. "मला नाय जमत," तिचे डोळे भरले, "माझा फोटो नको लावू." मी गपचूप होडीआड गेलो आणि सरांचा घोगरा आवाज काढला, "ए पोरी! रेडी... सेट... गो!" सुटलीच ती! अनवाणी, वेणी हवेत, तोंडभर हसू. मी पटापट फोटो काढले. त्यातलाच एक अजून भिंतीवर आहे, परवाच बघून आलो. पण तेव्हा मी एक विसरलो: शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही, ही सरांची शिकवण. ती पार ठिपका झाली, तेव्हा सर धावत आले आणि माझा कान पिळला, "माझा आवाज काढतो काय रे? शिट्टी तर शाळेत राहिलीय, मग आता ती कोण वाजवणार, तुझा काका?"