दगडूच्या पातीतला ढीग

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, पंगत उठली की फर्माईश होते — काका, दगडूने भात उपटलं ती गोष्ट सांगा. मी सांगतो. हातवारे करून, दगडूची नक्कल करून. सगळे पोट धरून हसतात, सर्वांत जास्त मी.

ती गोष्ट खोटी आहे.

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला जायची होती, त्या वर्षीची. जसोंडीला नाल्याकाठी आमचा भाताचा एक तुकडा होता, घरच्या खाण्यापुरता. भातात अगदी भातासारखंच एक गवत उगवतं. बुडाशी तांबूस, आणि भाताच्या पानाच्या बेचक्यात असते ती पांढरी जिभली त्याला नसते — एवढाच काय तो फरक. वेळेवर उपटलं नाही तर निम्मं पीक गिळतं. मी तेव्हा बुऱ्हाणपुरात दोन वर्षं मास्तरकी केलेला शहाणा. वडिलांना म्हणालो, आबा, मला काय शिकवता?

"बरं, गुरुजी," आबा म्हणाले, "उतरा चिखलात."

निंदणीला प्रत्येकाची पात, म्हणजे निंदायचा पट्टा, ठरलेली. आपल्या पातीतलं गवत आपल्याच टोकाला, बांधावर टाकायचं — कोणी काय उपटलं ते मालकाला दिसावं म्हणून. माझ्या शेजारची पात दगडूची. दगडू आमचा सालदार, वर्षाच्या बोलीने राहिलेला गडी. दुपारी मी बांधावर आलो, माझा ढीग चाळला. जिकडेतिकडे पांढरी जिभली. मी गवत राखलं होतं आणि भात उपटलं होतं — ओळच्या ओळ.

हसाल तुम्ही. हसा. इथपर्यंत हसण्यासारखंच आहे.

बाकीची माणसं भाकरीला झाडाखाली गेलेली. दगडू नाल्यावर पाणी प्यायला. मी काय केलं? — माझा ढीग त्याच्या टोकाला नेला, त्याचा माझ्या. सात-आठ पावलांचं काम. कुठल्या पातीत काय उरलंय, ते चिखलात कोण बघतं?

दगडू परतला आणि मागोमाग आबा आले. हातात पराणी, बैल हाकायचा बांबू.

"दगड्या, डोळे फुटले का रे तुझे?"

"आबा, हाऊ ढीग मना नही."

"मग काय भूत टाकून गेलं?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो — त्यालाच उपटताना पाहिलं मी.

पहिला फटका पाठीत, दुसरा कानशिलावर. तो चिखलात कोसळला. तिथेही आबा मारत राहिले. कान फाटला. रक्त चिखलात मिसळलं की काळं दिसतं, हे मी त्या दिवशी शिकलो. मी तिथेच उभा होतो. एक शब्द पुरला असता — नाही का?

त्याचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्याने बांधलं, पण वाकडंच बसलं. त्या हातात पुन्हा खुरपं राहिलं नाही. तो जैनाबादला बहिणीकडे गेला आणि तिच्या भाकरीवर राहिला. इकडे आमचा तुकडा निंदायला कोणी धजेना. गवत कमरेएवढं झालं, आणि भात हाती आलं ते एका सणापुरतं.

मनगट आबांनी मोडलं, असं गाव समजतं. आबाही मरेपर्यंत हो म्हणत राहिले. मला कधी काही विचारलं नाही त्यांनी.

पण आबा दमले होते. पराणी खाली टाकून "बस, ऊठ आता," म्हणाले होते. दगडू उजव्या हातावर भार देऊन उठत होता, माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता.

पराणी मी उचलली.