दोन्ही बाजू एकटीच्या

आमच्याकडे हळदीला बायका समोरासमोर दोन बाजूंना बसून गातात. एका बाजूचा सवाल, दुसरीचा जवाब. त्यातलं एक गाणं मी लग्नालग्नांत डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही आवाज काढून करायचो. "ऊठ बाई, उंबरा ओलांड," एक ठणकावते. "कशी ओलांडू, आत मी आहे," दुसरी कुरकुरते. जावांचं भांडण म्हणून डहाणूपासून वाणगावपर्यंत मी त्यावर हशा पिकवलाय!

२०१८ सरताना आमच्या भागातली जमीन हलायला लागली. आधी खोलवर गडगड, मग मांडणीवरची भांडी थरथरायची. तलासरीच्या पूर्वेला, माझ्या थोरल्या बहिणीच्या गावात, सगळे अंगणात ताडपत्रीखाली राहायला आले. ताई मात्र घरातच. भावजी गेलेले, मुलगा वापीला, भिंतीला बोट जाईल एवढी भेग. शेजाऱ्यांचा फोन आला, "मामा, तुम्हीच बाहेर काढा तिला. आमचं ऐकत नाही."

भर दुपारी पोचलो. दाराला आतून कडी, आणि आत तेच गाणं. सवाल ताईचा, जवाबही ताईचाच, एकाच सपाट आवाजात. मी दार ठोठावलं.

"ताई, कोण आहे गं आत?"

"कोण असणार? मी."

"आणि दुसरी?"

"तीही मीच. जावा वाटल्या होय तुला? नाटक्या! एकच बाई आहे ती. घरात एकटी. एक मन म्हणतं ऊठ, एक म्हणतं बस."

"मग तू कुणाचं ऐकतेयस?"

 

सवाल आला की जवाब द्यायचाच, हा हळदीचा रिवाज. मी दाराला तोंड लावून गाण्यातला सवाल टाकला, "ऊठ बाई, उंबरा ओलांड." भर मांडवात न चिरकणारा माझा आवाज तिथे चिरकला. जवाब आला नाही. पुन्हा टाकला. शेवटी कडी निघाली.

"आत ये आधी. बाहेरून हुकूम कसले सोडतोस?"

मी छाती काढून आत शिरलो, आणि खालून गडगड आली. कौलं खडखडली, भेगेतून माती गळली. पळायचं सोडून मी मधल्या खांबाला मिठी मारली, डोळे गच्च मिटले.

"अरे, चल!" ताईने बखोट धरलं आणि मला फरफटत अंगणात आणलं.

"आणलंत ना मामा ताईला?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"त्याने कसलं? मीच आणलं ह्याला," ताई म्हणाली. सगळे हसले, मीही.

ताईचं लक्ष मात्र उघड्या दाराकडे होतं. ओठ हलत होते. कुठली बाजू म्हणत होती ते ऐकू येईना. मी तिचा हात घट्ट धरला, आणि अंधार पडेपर्यंत सोडला नाही.