वाघ म्हणून ओरडा

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात शाळेच्या आठवणी सांगितल्या, नातवंडांना सांगितल्या. एकदा तर बचत गटाच्या बायकांपुढे स्वतःचं रक्षण कसं करावं यावर भाषणही केलं. पण प्रत्येक वेळी त्या सायकलवाल्या मुलीपाशी आलो की विषय बदलायचो. तिच्या गावात अजूनही तिचं नाव निघालं की लोक म्हणतात, "तीच ना, खोटा वाघ ओरडली होती ते?" ती खोटं ओरडली नव्हती. हे लिहून ठेवल्याशिवाय आता मला चैन पडणार नाही.

वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी पीटीचा शिक्षक होतो. आसपासच्या लहान गावांमधून मुली सायकलनं यायच्या. वाटेत जंगलाचा पट्टा, मग धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, पुन्हा जंगल. सकाळी घोळक्यानं यायच्या, पण परतताना घोळका गळत जायचा. फाट्याफाट्याला दोघी-तिघी वळायच्या आणि टोकाच्या गावची मुलगी शेवटचा पट्टा एकटी कापायची. वळणावर मोटरसायकली उभ्या राहू लागल्या होत्या. एक आई शाळेत येऊन म्हणाली, "सर, पोट्टी सायनी झाली. आता घरीच बरी." दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आली नाही. तेव्हा मी मुख्याध्यापकांकडून शाळा सुटल्यानंतरचा थोडा वेळ मागून घेतला आणि मुलींचा वर्ग सुरू केला.

आयुष्यात पुष्कळ कवायती घेतल्या, पण तसा वर्ग पुन्हा झाला नाही. मैदानाच्या कडेला मोहाचं झाड होतं. त्याखाली आम्ही तणस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, अंथरायचो. पडायचं कसं, ते आधी शिकवलं. सुरुवातीला मुली ओढण्या सावरत हळूच बसायच्या, पडायच्या नाहीत. मग एक पडली, तिला पाहून बाकीच्या हसल्या आणि हसता हसता सगळ्याच पडायला शिकल्या. घरी गेल्यावर वेण्यांमधून तणस निघतं म्हणून आयांच्या तक्रारी यायच्या.

माझ्या जुन्या शर्ट-पँटमध्ये तणस भरून आम्ही एक बुजगावणं केलं होतं. मी त्याला चोर म्हणायचो. मुलींनी त्याचं नाव ठेवलं पाहुणा.

"सर, पाहुण्याची मान लटकली जी."

"पाहून झालं असंन तं जा म्हणा त्याले."

"चहा-पोहे खाऊनच जाते तो. मार वं त्याच्या गुडघ्यावर!"

मनगट धरलं तर धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवून सोडवायचा, कारण पकड तिथंच कच्ची असते. सायकल असेल तर ती मधे आडवी धरायची. जोर दाखवायला थांबायचं नाही, सुटलं की पळायचं. आणि हे सगळं करायची वेळच येऊ नये म्हणून वाटेवर डोळे उघडे ठेवायचे. रोज नसलेली गाडी आज झाडाखाली का उभी आहे, पुढची मैत्रीण किती लांब गेली, घरी कोणाला माहीत आहे की मी निघाले. शेवटच्या पट्ट्यात एकटी जाणारीला फाट्यापर्यंत सोडून मगच बाकीच्यांनी वळायचं, हा नियम त्यांचा त्यांनीच केला. अजूनही शाळा सुटायच्या वेळी कुठल्या गावात मुलींच्या सायकली दिसल्या की मी मागची किती अंतरावर आहे ते बघतो.

अडायचं ते ओरडण्यापाशी. आमच्याकडच्या मुलींना लहानपणापासून हळू बोल, हळू बोल असंच सांगितलेलं. "वाचवा" म्हणा म्हटलं की धडा वाचल्यासारख्या म्हणायच्या. आणि मला ठाऊक होतं की बांध्यांमधल्या माणसांनी ते ऐकलं तरी पोरींची मस्ती समजून त्यांनी विळा खाली ठेवला नसता.

मग मला एक युक्ती सुचली. आमच्या भागात एकाच शब्दावर गाव धावतं. वाघ. ती हाक आली की ताटावरचा माणूस उठतो, कुऱ्हाडी निघतात, डबे वाजतात, भांडण असलेले भाऊसुद्धा शेताच्या बांधावरून, एकाच धुऱ्यावरून पळतात. मी मुलींना सांगितलं, "कोणी अंगावर आला तर वाघ म्हणून ओरडा."

काय आवाज निघाला त्या दिवशी! रस्त्यावरून जाणारा बैलगाडीवाला खाली उतरून बैल हाकायची तुतारी घेऊन उभा राहिला. मुली पोट धरून हसल्या.

टोकाच्या गावची मुलगी हसली नाही. नववीत होती, बारीक अंगाची, केसांना लाल रिबिनी. ती म्हणाली, "सर, पण वाघ नसला तं? खोटा वाघ ओरडला का आमच्या गावी लय मारतात."

तिचं खरं होतं. खोटी हाक म्हणजे आमच्याकडे पापच. एकदा लोक फसले की पुढच्या वेळी धावत नाहीत आणि मग खरोखरच कोणाचा तरी जीव जातो. मीही त्याच मातीतला, मलाही ते माहीत होतं. पण युक्ती मला फार आवडली होती.

मी म्हणालो, "माझं नाव सांग. मी येऊन सांगीन, मीच शिकवलं म्हणून."

"पक्कं ना, सर?"

"पक्कं."

धान कापणीच्या दिवसांत ती वेळ आली. राइस मिलचा मालक हा आसपासच्या गावांतला मोठा माणूस, शाळेच्या समितीवरचा. आमच्या वर्गासाठीचं तणसही त्याच्याच गाडीतून यायचं. त्या संध्याकाळी फाट्यापर्यंत सोडणाऱ्या मुली वळल्या आणि शेवटच्या पट्ट्यात त्यानं मोटरसायकल आडवी लावून त्या टोकाच्या गावच्या मुलीच्या सायकलचं हँडल धरलं. गोड बोलता बोलता मनगट धरलं. तिनं सायकल मधे घेतली, अंगठ्याच्या बाजूनं हात सोडवला आणि ओरडली, "वाघ! वाघ आला वो!" जसं शिकवलं होतं तसंच, एकही गोष्ट न चुकता.

गाव धावलं. बांध्यांमधून बायामाणसं विळे घेऊन आली. आणि लोक पोचले तेव्हा तो मिलमालकच हातात काठी घेऊन धुऱ्यावर उभा होता आणि सगळ्यांच्या आधी विचारत होता, "कुठी हाये वाघ? कोणी पाह्यला?"

ओरडताना तिनं वाघाचं नाव घेतलं होतं. त्यामुळे जमलेल्या माणसांनी माणसाकडे पाहिलंच नाही. ती बोट दाखवून सांगत होती, पण लोक झुडपांकडे बघत होते. माझ्या युक्तीतली ही चूक मला तोवर दिसली नव्हती.

धावताना एक म्हातारे बाबा धुऱ्यावरून घसरले आणि त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. तिथून सगळं फिरलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या गावात ग्रामपंचायतीसमोर बैठक बसली. मलाही बोलावलं. ती बापाच्या मागे उभी होती. वर्गातल्या तिच्या मैत्रिणी भिंतीशी मान खाली घालून होत्या. मिलमालक खुर्चीवर बसून म्हणाला, "मी तं तिच्या बापाची खबर विचारून राह्यलो होतो. पोट्टीले काय सुचलं काय माहीत. जाऊ द्या, लेकरू हाये." तो असा समजूतदारपणे बोलला की लोकांना त्याचंच वाईट वाटलं.

"खोटा वाघ काऊन ओरडली वं?" कोणीतरी दरडावलं.

"सरनं सांगतलं होतं," ती म्हणाली.

खाटेवर आणलेले ते जखमी बाबा मधेच म्हणाले, "अगा, आधी हे तं विचारा, की ते ओरडली काऊन." त्यांचा प्रश्न तिथंच टाकून सगळे माझ्याकडे वळले.

मी काय विचार करत होतो ते आजही आठवतं. निवृत्ती जवळ आली होती. मुख्याध्यापकांनी आधीच, "हे लफडं अंगावर येईल," असं बजावलं होतं. आणि समोर ती खाट होती. हो म्हटलं असतं तर त्या मोडलेल्या हाडाचा धनी मी झालो असतो. मी म्हणालो, "संकटात ओरडा, एवढंच मी शिकवतो. वाघ म्हणून ओरडा असं मी सांगितलेलं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखादा डाव मी चुकीचा दाखवला तर पाहायची तसं. आता सर चूक सुधारतील म्हणून वाट बघत असल्यासारखं.

मी सुधारली नाही. बैठकीनं तिला त्या म्हाताऱ्या बाबांच्या आणि मग मिलमालकाच्या पाया पडायला लावलं. बापानं तिची शाळा बंद केली. पुढच्या वर्षी तिला तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याला मावशीकडे पाठवलं आणि काही वर्षांनी तिथंच तिचं लग्न झालं. माझा वर्गही त्या दिवसापासून थांबला. पाहुणा बरेच दिवस मोहाखाली पडून होता. पावसात त्याच्या शर्टातून धानाचे कोंब फुटले.

गेल्या हिवाळ्यात मी सिरोंच्याला गेलो. घरी गोदावरी बघायला जातो म्हणून सांगितलं. बाजाराच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान आहे. मला पाहताच ती मशीनवरून उठली.

"सर! तुमी इथी कसे जी?"

"सहज."

तिनं प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली आणि आपल्या मुलीला तेलुगूत म्हणाली, "नीळ्ळु ते." पोरगी पाणी घेऊन आली. शाळकरी, आईसारखीच बारीक.

"सर, तुमी तसेच दिसता अजून."

"तूही तशीच आहेस."

"खोटं नका बोलू," म्हणून ती हसली. मी पाणी प्यालो.

"हे आमचे पीटीचे सर," तिनं मुलीला सांगितलं. "दाखव यायले, मी तुले काय शिकवलं ते."

मुलगी म्हणाली, "आजोबा, हात पकडा." मी तिचं मनगट धरलं. तिनं अंगठ्याच्या बाजूनं झटक्यात हात फिरवला, सुटली आणि आमच्या मधे स्टूल ओढलं. मोहाखालची ती संध्याकाळ, ते हसणं, वेण्यांतलं तणस, सगळं एकदम समोर आलं.

"शाब्बास. मग पुढं?"

"मंग ओरडायचं."

"काय ओरडायचं?"

मुलीनं आईकडे पाहिलं. आई सुईत दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, "त्याचं नाव. नाव माहीत नसलं तं शर्टाचा रंग, गाडीचा नंबर. जो समोर हाये, तोच ओरडून सांगायचा."

दोरा ओवला गेला. मशीन पुन्हा सुरू झालं. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "बरोबर आहे." मग चहा आला. नदीच्या पाण्यावर आणि मिरचीच्या पिकावर बोलणं झालं. इथं लिहितानाही मी त्या माणसाचं नाव लिहिलेलं नाही. तो वारला, त्याच्या सुना-नातवंडं त्याच गावात राहतात, असं मी स्वतःला सांगतो.

ती मला एसटी स्टँडवर सोडायला आली. पिशवीत वाळलेल्या लाल मिरच्या दिल्या. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीखाली उभी होती. मी काच सरकवली.

"काय म्हणता, सर?"

"मिरची तिखट आहे का?"

"लय. जपून टाका जी," ती म्हणाली आणि गाडी वळली.

घरून निघताना जे पाठ केलं होतं, ते एवढंच होतं: पोरी, तू खोटं ओरडली नव्हतीस. वाघ म्हणायला मीच सांगितलं होतं आणि तुझं नाव खराब होताना मी नुसता गप्प बसलो नाही, मी खोटं बोललो. मले माफ कर.