पाणलाजाळू नव्हे

शेषराव सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी शिला रुजू झाली. हिंगोलीच्या त्या महाविद्यालयात तिने आधी कपाट उघडलं. वाळवलेल्या झाडांच्या गठ्ठ्यातून एक कागद शोधून काढला.

त्यावरचं झुडूप तिचंच होतं. विद्यार्थिनी असताना सिद्धेश्वर धरणाच्या काठी गुडघाभर चिखलात उतरून तिने ते उपटलं, वाळवलं, कागदावर शिवलं. ‘संग्राहक’ म्हणून मात्र शेषरावांनी स्वतःचं नाव घातलं. ती बोलायला गेली तर भर वर्गात म्हणाले, “तांड्यावरच्या पोरींनी पाला आणावा, बाई. नावं आमी ठेवू.”

नाव ठेवलं पाणलाजाळू, तशी चिठ्ठी कागदावर डकवली. बारीक पानं हात लावला की मिटतात, मुळं पाण्यात. एवढ्यावर त्यांनी झुडूप लाजाळू-बाभळीच्या उपकुळात ढकललं. शेंगांच्या कुळात नुसत्या पानावर जाणं म्हणजे कपडे बघून सोयरीक जुळवणं. तिथे फुलालाच विचारावं लागतं. कागदाला चिकटवलेल्या पाकिटात शिलाने एक सुकं फूल ठेवलं होतं. शेषरावांनी ते उघडलंच नव्हतं.

तिने फूल गरम पाण्यात भिजवलं, भिंगाखाली सुईने उलगडलं. वर एक मोठी पाकळी, बाजूंना दोन पंख, खाली दोन जुळून झालेली होडी. तुरीच्या, हरभऱ्याच्या फुलाची ठेवण. लाजाळूसारखा गोंडा नव्हताच.

संग्रहाचे फोटो इंटरनेटवर जाणार होते. ते काढायला कॅमेरावाला आला, त्या दिवशी तिने सरांना मुद्दाम फोन करून बोलावलं आणि फूल दाखवलं.

सरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. “माझी चिठ्ठी काढून टाक.”

“काढता येत न्हाई, सर. जुनी तशीच ठेवायची, नवी तिच्या खाली डकवायची. तुमीच शिकवलं. आन् तुमी ज्या घरात ह्याला घातलं, ते घर बी मोडलं. लाजाळू-बाभळीचं उपकुळ आता गुलमोहराच्या उपकुळात गेलं.”

शेषरावांनी चष्मा पुसला. मग ओठांवर हसू आलं. “म्हंजे वर संग्राहक म्हणून माझं नाव हाय, ते बी राहतंय. बराबर?”

“राहू द्या की. दुसऱ्यानं आणलेलं वाळकं झुडूप वळखलं न्हाई, तर लोक माफ करतील. ह्यावर तर लिहिलंय, तुमी सोता पाण्यात उतरून, फुलावर असताना उपटलं.”

शेषरावांचं हसू गेलं.

“खोड ते. तुझं नाव घाल.”

त्या एका नावासाठी ती कधीकाळी त्यांच्या दारात रडली होती.

“काहून? तुमीच आणलं न्हवं?”

‘एस्किनोमेने इंडिका’ हे झुडपाचं खरं नाव लिहिलेल्या चिठ्ठीला तिने खळ लावली, सरांच्या अक्षराखाली अंगठ्याने दाबून बसवली आणि कॅमेरावाल्याला म्हणाली, “घ्या फोटो.”