भिंतीखालचा योद्धा

परवा कपाट आवरताना लुडोचा फासा सापडला आणि लातूरची खोली आठवली. शिकवणीची रविवारची परीक्षा उरकली की आम्ही चौघं राक्षस-योद्ध्यांचा खेळ मांडायचो. गोष्ट मी सांगायचो, घाव फासा ठरवायचा. एकदा राक्षसानं योद्ध्यावर दगडी भिंत पाडली, पण फाशावर सहा पडले, म्हणून मी त्याला लगेच उठवून लढायला लावलं. आमच्या चौघांतला, भूकंपातून वाचलेला मित्र शांतपणे म्हणाला, "असं उठता येत न्हाई रे. मी दुपारपर्यंत खाली होतो. लोकांनी दगडं काढली तवा निघालो." त्यानंतर भिंत पडली की लढाई सोडून सगळे आपापली पाळी दगड उचलण्यात घालवायचे. हा नियम ऐकून माझी मुलगी म्हणाली, "पण तेवढ्यात राक्षस मारेल की!" मारेल, खरंय, आमचा राक्षस मात्र तोवर थांबायचा.